‘येस’ म्हणा, मगच पैसे भरा!

20 मार्च 2014. दक्षिण कोरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी सरकारी नियमांचं जंजाळ कसं कमी करायचं, यावर बैठक बोलावली होती. सात तास चाललेली ही बैठक टीव्हीवर थेट दाखवली गेली. समोर मंत्री, उद्योजक, अधिकारी. आणि राष्ट्राध्यक्षांनी विषय काढला एका कोटाचा!

कोट होता चॉन सोंग-यीचा. के-ड्रामाच्या चाहत्यांना हे नाव सांगायला नको. ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ या मालिकेची ही नायिका. मालिका नुकतीच संपली होती, चीनमध्ये तिनं धुमाकूळ घातला होता आणि नायिकेच्या अंगावरचा कोट मिळवायला चिनी चाहते कोरियन दुकानांच्या वेबसाइटवर येत होते. खिशात पैसे होते, दुकानात माल होता, तरी सौदा होत नव्हता. कारण ऑनलाइन 3 लाख वॉनच्या वरचं काही घ्यायचं, तर कोरियन सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्र लागे. ते प्रमाणपत्र चालवायला मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोअरर लागे. आणि एक्सप्लोअररला विंडोज!

घरोघरी वेगवान इंटरनेट, जगाला मोबाइल आणि मेमरी चिप विकणाऱ्या कंपन्या, आणि अशा देशाचे आर्थिक व्यवहार पंधरा-वीस वर्षं एका परक्या कंपनीच्या एकाच ब्राउझरला बांधलेले. हे कुणा खलनायकाचं कारस्थान नव्हतं. एक चांगला निर्णय झाला, त्याचा कायदा झाला आणि तो पुन्हा तपासून पाहायची तारीख कुणी ठरवलीच नाही.

आठ दिवसांत फुटलेलं कुलूप

1990 च्या दशकात अमेरिका भक्कम एन्क्रिप्शनला, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याच्या तंत्राला, युद्धसामग्रीच्या पंगतीत बसवत होती. अमेरिकी नागरिकांना 128 बिटांची सुरक्षा, परदेशात जाणाऱ्या ब्राउझरला मात्र 40 बिटांची. 40 बिट म्हणजे एकूण सुमारे 1.1 लाख कोटी किल्ल्या. आकडा भारी वाटतो, पण 1995 मध्ये फ्रान्सच्या ईनरिया संस्थेतल्या डेमियन डोलिजे यांनी संस्थेतले रिकामे बसलेले शंभराहून अधिक संगणक कामाला लावले आणि नेटस्केप ब्राउझरनं अशा किल्लीनं बंद केलेला संदेश आठ दिवसांत उघडून दाखवला.

कोरियाला बँका इंटरनेटवर आणायच्या होत्या. इतक्या कच्च्या कुलपावर कुणाचा पगार ठेवणार? तिथल्या माहिती सुरक्षा संस्थेनं 1998 मध्ये स्वतःचं 128 बिटांचं एन्क्रिप्शन तयार केलं. नाव ‘सीड’. या निर्णयाला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. दुसऱ्यानं दार लावलं म्हणून रडत न बसता या देशानं स्वतःचं दार घडवलं.

पण नेटस्केप आणि एक्सप्लोअरर दोघांनाही ‘सीड’ ओळखता येत नव्हतं. मग ब्राउझरला वेगळा प्रोग्राम जोडायचा ठरलं. नेटस्केपसाठी एक तऱ्हा, एक्सप्लोअररसाठी दुसरी. ही दुसरी म्हणजे ॲक्टिव्हएक्स, 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आणलेलं तंत्र. वेबपान उघडता उघडता ते तुमच्या संगणकात एक अख्खा प्रोग्राम बसवू शके आणि त्या प्रोग्रामला जवळजवळ तुमच्याइतकेच अधिकार मिळत. पुढे नेटस्केप बाजारातून उठला. उरलं ॲक्टिव्हएक्स.

1999 मध्ये डिजिटल सहीचा कायदा आला आणि पुढे टप्प्याटप्प्यानं सरकारमान्य प्रमाणपत्र ही नेटवरच्या प्रत्येक मोठ्या व्यवहाराची अट झाली. पण जानेवारी 2000 मध्येच अमेरिकेनं निर्यातबंदी सैल केली! आजार दोन वर्षांत बरा झाला, औषध पुढे वीस वर्षं चालू राहिलं.

याचं एक दुर्लक्षित शेपूट आहे. 2009 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरनं ‘सीड’ स्वतःत सामावून घेतलं. म्हणजे ॲक्टिव्हएक्सचं मूळ कारणच संपलं. तरी कोरियन बँका हलल्या नाहीत. पाचेक वर्षांनी फायरफॉक्सनं ‘सीड’ला सुट्टी दिली, कारण त्याचा कोरियाला काडीचा उपयोग झाला नव्हता.

सगळा देश एकाच वेळी शिकला

1997 च्या आर्थिक संकटानं कोरियाचं कंबरडं मोडलं होतं. 1998 मध्ये ब्रॉडबँड सुरू झालं. त्याच वर्षी ‘स्टारक्राफ्ट’ हा गेम आला आणि तो खेळायला गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ उघडले, म्हणजे तासावर पैसे घेणारे संगणकाचे अड्डे. सरकारनं स्वस्त पीसीची योजना काढली, गृहिणींपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांसाठी इंटरनेटचे वर्ग भरवले. 2002 मध्ये ब्रॉडबँडची जोडणी 1 कोटींच्या पुढे गेली. तेव्हाच्या पावणेपाच कोटींच्या देशात!

या लाटेत प्रत्येक टेबलावर विंडोज होतं. त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज आणि इंटरनेट म्हणजे एक्सप्लोअररचा निळा ‘ई’, हे समीकरण एका झटक्यात अख्ख्या पिढीच्या हाताला बसलं. 2005-06 च्या सुमारास तिथे एक्सप्लोअररचा वाटा 98-99 टक्के सांगितला जाई.

एक हस्तांतरण, चार इन्स्टॉल

2007 सालच्या सोलमध्ये भाचीला वाढदिवसाचे पैसे पाठवायचे आहेत. बँकेचं पान उघडलं. आधी एन्क्रिप्शनचा प्रोग्राम बसवा. मग कीबोर्डवर काय टाइप होतंय ते कुणी चोरू नये म्हणून दुसरा. मग फायरवॉल. मग अँटिव्हायरस. अधूनमधून ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, कधी संगणकच रीस्टार्ट करा. दुसऱ्या बँकेत खातं असेल, तर तिचे प्रोग्राम वेगळे.

2004 नंतर विंडोज एक्सपीच्या नव्या आवृत्तीत एक्सप्लोअरर पानाच्या वर पिवळी पट्टी दाखवू लागला: हे पान काहीतरी बसवू पाहतंय, जपून. इशारा अगदी रास्त होता. पण बँकाच चित्रं काढून समजावत होत्या, की पिवळी पट्टी आली की तिच्यावर क्लिक करा आणि परवानगी द्या. एका देशाला सवय लागली, विचारलं की ‘येस’. बँकेचं पान विचारो की चोराचं, बोट एकाच बटणावर. मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोठं नुकसान हेच वाटतं. पैसे परत मिळवता येतात, लाखो लोकांच्या बोटांना लागलेली सवय परत घेता येत नाही.

आणि ते मौल्यवान प्रमाणपत्र राहायचं कुठे? ‘एनपीकेआय’ नावाच्या एका साध्या फोल्डरमध्ये. फोल्डर उचलायचा, पेनड्राइव्हवर टाकायचा, ऑफिसात न्यायचा. लोक किल्ल्यांच्या जुडग्यात हा पेनड्राइव्ह अडकवून फिरत. जे मालकाला उचलता येतं ते चोरालाही येतं. पासवर्ड तेवढा मिळवायचा राहतो. आपल्याकडे चार्टर्ड अकाउंटंटच्या टेबलावर किंवा ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराकडे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं. दिसायला पेनड्राइव्हच, पण त्याच्यातली गुप्त किल्ली बाहेर काढताच येत नाही. कोरियन फोल्डरला एवढीही कडी नव्हती.

मग बँकांना हे बदलावंसं का वाटलं नाही? नियामकानं सांगितलेले सगळे प्रोग्राम बँकेनं ग्राहकाला दिले, की बँकेची जबाबदारी पार पडली अशी समजूत होती. खात्यातून पैसे गेले, तर ‘आम्ही सगळी साधनं दिली होती’ म्हणायला बँक मोकळी. जिथे चोरीचा भुर्दंड बँकेवर पडतो, तिथे बँक रात्रंदिवस आपल्या सर्व्हरवर पहारा ठेवते. इथे पहारा ग्राहकाच्या घरच्या संगणकावर बसवला होता.

मॅकवाले कुठे जाणार?

कुठेही नाही. मॅक घेतलेला माणूस पैसे भरायला त्यातच विंडोज बसवी, नाहीतर पीसी बांग गाठी. लिनक्सवाल्याचीही तीच गत.

सोलमधल्या कोरिया विद्यापीठात कायदा शिकवणारे प्राध्यापक किम की-चांग यांना हे खपलं नाही. त्यांनी ‘ओपनवेब’ ही चळवळ उभारली आणि 2007 मध्ये आर्थिक व्यवहारांची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेला कोर्टात खेचलं. मागणी एवढीच, की दुसरा ब्राउझर वापरणाऱ्यालाही प्रमाणपत्र द्या. ते हरले. अपिलात हरले. सर्वोच्च न्यायालयातही हरले. पण प्रश्न मॅकच्या हौशी लोकांचा नसून नागरिकाच्या हक्काचा आहे, हे त्यांनी देशाला ऐकवलं. पुढे 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष जे बोलल्या, ते हा माणूस कित्येक वर्षं सांगत होता.

376 बाइट

25 जानेवारी 2003, शनिवार, कोरियात दुपारचे अडीच. ‘स्लॅमर’ नावाचा, संगणकांतून आपोआप पसरणारा वर्म सुटला. आकार 376 बाइट, म्हणजे या लेखातल्या एखाद्या लहान परिच्छेदाहूनही कमी. सुरुवातीला तो दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होता. दहा मिनिटांत जगभर सुमारे 75 हजार सर्व्हर त्याच्या ताब्यात. त्यानं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधली एक फट वापरली होती. ती बुजवणारा पॅच सहा महिने आधीच फुकट उपलब्ध होता.

जगात सर्वांत जास्त हाल झाले त्यांत कोरिया पुढे. देशभर इंटरनेट काही तास आडवं झालं. शेतात एकच वाण पेरलं की एकच रोग पुरतो, तसं हे झालं.

‘तर आम्ही विंडोजच काढून घेऊ’

मायक्रोसॉफ्टनं विंडोजसोबत मेसेंजर फुकट बांधून दिला म्हणून डाउम या कोरियन कंपनीनं 2001 मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशी लांबत गेली, पुढे तिच्यात मीडिया प्लेअरही आला. ऑक्टोबर 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टनं अमेरिकेत सादर केलेल्या अधिकृत कागदपत्रात लिहिलं, की खास कोरियासाठी विंडोजची मोडतोड करायला लावली, तर कोरियातून विंडोज मागे घ्यावं लागेल किंवा नव्या आवृत्त्या उशिरा द्याव्या लागतील.

ज्या देशाच्या बँका, करभरणा, सरकारी दाखले सगळं विंडोजवर, त्याला हे ऐकावं लागलं! आयोग मात्र वाकला नाही. डिसेंबर 2005 मध्ये सुमारे 33 अब्ज वॉनचा दंड ठोठावला आणि मेसेंजर-प्लेअर वगळलेली आवृत्तीही काढायला लावली. विंडोजही कुठे गेलं नाही. विंडोजच्या नावापुढे कधी ‘के’ किंवा ‘केएन’ दिसलं, तर ती या निकालाची खूण.

पुढची गंमत आणखी मोठी. जानेवारी 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज व्हिस्टा आणलं. सुरक्षेसाठी त्यात ॲक्टिव्हएक्सच्या मुसक्या आवळल्या होत्या. झालं! कोरियन बँकांची पानं अडकली, आणि व्हिस्टा घ्यायची घाई करू नका असं सरकारी खात्यांनाच लोकांना सांगावं लागलं. ज्या कंपनीवर देश अवलंबून होता, तिच्याच नव्या मालाची त्याला धास्ती वाटत होती. परावलंबन कंपनीवर होतं खरं, पण त्याहून जास्त ते कंपनीच्या भूतकाळावर होतं.

लोकांनी वाचवलेला वर्ड प्रोसेसर

याच देशाची ही दुसरी कहाणी मला फार आवडते. ‘आरे-आ हंगुल’ हा कोरियन लिपीसाठी 1989 मध्ये तरुण मुलांनी बनवलेला वर्ड प्रोसेसर. मायक्रोसॉफ्ट वर्डला जगात क्वचितच कुणी इतकी टक्कर दिली. पण चोरून केलेल्या प्रती आणि आर्थिक संकट यांनी तो बनवणारी कंपनी 1998 मध्ये बुडायला आली. मायक्रोसॉफ्ट सुमारे 2 कोटी डॉलर घेऊन पुढे आली. अट एकच: हंगुलचा विकास थांबवा.

देश पेटला. लोकांनी चळवळ केली, पैसे जमवले, करार मोडला. त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला, जो कोरियाचाही मुक्तिदिन, ‘हंगुल 815’ ही खास आवृत्ती फक्त 10 हजार वॉनना आली आणि सुमारे 7 लाख प्रती खपल्या. कालपर्यंत चोरून वापरणाऱ्यांनी विकत घेतली.

आजही कोरियन सरकारी कागद ‘एचडब्ल्यूपी’ या हंगुलच्या फाइलमध्ये सापडतात. आणि इथेही एकाच गोष्टीवर सगळा भार टाकल्याचे चटके बसतातच: उत्तर कोरियाचे हॅकर दक्षिणेतल्या अधिकाऱ्यांना जाळ्यात ओढायला आमिष म्हणून हीच फाइल पाठवतात.

रखवालदाराच्या हातून

20 मार्च 2013. केबीएस, एमबीसी, वायटीएन ही प्रसारण केंद्रं आणि शिनहान, नोंगह्यूप या बँकांमधले हजारो संगणक एकाच वेळी काळे पडले. हार्डडिस्क पुसल्या गेल्या, एटीएम बंद. हल्ला आत शिरला कसा? ऑफिसातल्या संगणकांना अँटिव्हायरसचे अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरमधून. सरकारनं उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं.

त्या उत्तर कोरियाची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, ‘रेड स्टार’. लिनक्सवर उभारलेली, आणि तिची तिसरी आवृत्ती दिसायला थेट ॲपलच्या मॅकसारखी! दोन जर्मन संशोधकांनी 2015 मध्ये ती उलगडून दाखवली. पेनड्राइव्हवरच्या फाइलवर ती गुपचूप त्या संगणकाची खूण उमटवते, म्हणजे फाइल कुणाकुणाच्या हातून फिरली ते सरकारला कळतं. घरची सिस्टिम असली की माणूस मोकळा होतोच असं नाही.

ज्यानं कोंडी फोडली तो फोन

2005 पासून कोरियात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये ‘विपी’ नावाचं देशी सॉफ्टवेअर सक्तीचं होतं. एप्रिल 2009 मध्ये सक्ती उठली, नोव्हेंबरात आयफोन आला. फोनवर ॲक्टिव्हएक्स चालत नाही. अँड्रॉइडवरही नाही. कोर्टानं, प्राध्यापकांनी, ब्राउझरवाल्यांनी जे साधलं नाही, ते खिशातल्या फोननं साधलं.

2014 मध्ये त्या कोटाच्या चर्चेनंतर काही महिन्यांतच 3 लाख वॉनची अट गेली. 2017 मध्ये केवळ मोबाइलवरची काकाओ बँक सुरू झाली, सरकारमान्य प्रमाणपत्राशिवाय. पाच दिवसांत 10 लाख खातेदार! त्याच वर्षी मून जे-इन राष्ट्राध्यक्ष झाले; ॲक्टिव्हएक्स हटवू हे त्यांचं प्रचारातलं आश्वासन होतं. ब्राउझरचा एक तांत्रिक भाग निवडणुकीचा मुद्दा झालेला दुसरा देश मला माहीत नाही. 10 डिसेंबर 2020 ला सरकारमान्य प्रमाणपत्राची मक्तेदारी कायद्यानं संपली.

15 जून 2022 ला मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोअरर निवृत्त केला. ग्योंगजू शहरात एका इंजिनिअरनं भावाच्या कॅफेच्या गच्चीवर त्याची कबर बांधली. दगड, त्यावर तो ‘ई’, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि दुसरे ब्राउझर डाउनलोड करायला हा फार उपयोगी पडला, अशा अर्थाची ओळ. खर्च 4 लाख 30 हजार वॉन. फोटो जगभर फिरला.

विंडोज मात्र आहेच

जानेवारी 2020 मध्ये विंडोज 7 चा आधार संपणार होता. सरकारी संगणक बदलायला सुमारे 780 अब्ज वॉन लागतील असा अंदाज आला आणि 2019 मध्ये गृह मंत्रालयानं लिनक्सची चाचणी जाहीर केली. गूरूम, हामोनिका, टीमॅक्स अशा देशी सिस्टिम तयारही आहेत. तरी बहुसंख्य टेबलांवर विंडोजच आहे.

अवलंबनानं दरम्यान घरही बदललं. 15 ऑक्टोबर 2022 ला सोलजवळच्या पांग्यो इथल्या डेटा सेंटरला आग लागली आणि काकाओटॉक हे मेसेजिंग ॲप बंद पडलं. त्याच्यासोबत टॅक्सी, पेमेंट, नकाशे, इतर ॲपचं लॉगिनही. सगळं पूर्ववत व्हायला 127 तास लागले, कंपनीच्या एका सह-मुख्याधिकाऱ्यानं राजीनामा दिला. या वेळी कंपनी कोरियनच होती.

आणि ते बँकेचे प्रोग्राम? ॲक्टिव्हएक्स गेलं, पण बऱ्याच ठिकाणी तेच प्रोग्राम साध्या ‘ईएक्सई’ फाइल होऊन परतले. 2023 च्या सुरुवातीला जर्मनीतल्या व्लादिमीर पालांत या संशोधकानं त्यांतल्या त्रुटी एकामागून एक जाहीर केल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये, उत्तर कोरियाच्या हॅकरांनी असाच एक बँकिंग सुरक्षा प्रोग्राम आत शिरायला वापरल्याचं कोरियाच्या गुप्तचर संस्थेनं सांगितलं. 2025 मध्ये काइस्ट या तिथल्या नामांकित संस्थेच्या आणि तिच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशा 7 प्रोग्राममध्ये मिळून 19 त्रुटी निघाल्या. काही प्रोग्राम तर ब्राउझरनं वेबपानांभोवती घातलेलं कुंपणच ओलांडून आत येत होते. संशोधकांचं म्हणणं स्पष्ट आहे: सक्तीचे प्रोग्राम काढा आणि ब्राउझरमध्ये आधीपासून असलेली जगन्मान्य सुरक्षा वापरा. म्हणजे, अमेरिकेनं निर्यातबंदी सैल केली त्या 2000 सालीच जे करता आलं असतं, ते.